कापणारा हात



आजचा विषय डॉक्टरांचा आहे आणि मी डॉक्टर नव्हे. शाळासुद्धा मी फारशी पाहिलेली नाही. परंतु ज्याचे पोट हातावर आहे त्याचा हातच कापू लागला, म्हणजे तो प्रश्न दवाखान्यापुरता राहत नाही. तो मजुरीचा होतो, आणि त्याविषयी बोलणे हे माझे कामच आहे.

मोंढ्यातला एखादा हमाल संथ झाला, पाय घासत चालू लागला, चेहऱ्यावरची रेघ हलेना, की आपण काय म्हणतो? 'म्हातारा झाला', नाही तर 'पिऊन आला'. मुकादम त्याची पाळी दुसऱ्यास देतो आणि प्रकरण तेथेच मिटते. वस्तुतः त्याला पार्किन्सनचा रोग, म्हणजे कंपवात, झालेला असण्याचा संभव असतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली सहा रोग्यांवरून या रोगाचे वर्णन केले. त्यांतले काही तर त्याने रस्त्यात चालताना पाहिलेले होते. हा गृहस्थ गरिबांच्या हक्कांसाठी पत्रकेही लिहीत असे. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशी असतात. त्या डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपली हालचाल सुरळीत चालते. या पेशी मरू लागल्या की शरीर जड होते. हात स्वस्थ असताना थरथरतो, अक्षर बारीक होते, अंग ताठरते. थरथर सर्वांनाच होते असे नाही. मंदपणा हीच मुख्य खूण. वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे कधीकधी कित्येक वर्षे आधी दिसतात.

रोग का होतो? वय हे सर्वांत मोठे कारण. काही घराण्यांत तो वंशाने येतो. डोक्याला जबर मार बसल्यानेही धोका वाढतो. परंतु कामाचाही वाटा असू शकतो. स्कॉटलंडमध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांचे पाय लुळे पडतात, हे १८३७ सालीच लिहिले गेले. तो रोग पार्किन्सनचा सख्खा भाऊ म्हणावा असा, पण औषधाला फारशी दाद न देणारा. आपल्या राज्यातही नागपूर व भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने मँगनीजची विषबाधा सरकारला कळवण्याच्या रोगांत घातली होती.

उदगीरला खाण नाही, पण पाठीवरचा फवारणीचा पंप आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष तात्काळ भिनलेले होते. थोडे थोडे वर्षानुवर्षे भिनते त्याचा पंचनामा कोण करणार? पॅराक्वाट या तणनाशकाचा आणि पार्किन्सनचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. एखाद्या माणसाला त्यामुळेच रोग झाला असे सिद्ध करता येत नाही, हे खरे. तरीही फ्रान्सने २०१२ साली कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाबतीत हा व्यवसायजन्य रोग मानला. आपल्या शेतमजुराच्या हाती अजून साधे हातमोजेही नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवा. चक्कर येते म्हणून महिनोन् महिने घेतलेली सिनॅरिझिन, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारावरची काही औषधे, यांनीही हुबेहूब अशीच लक्षणे येतात. डॉक्टरांनी ती औषधे बंद केली की पुष्कळदा रोगी सुधारतो. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्या.

रोग मुळातून जात नाही; पण उपाय नाही म्हणणे खोटे आहे. १९६७ साली कोट्झियास या डॉक्टराने लेव्होडोपा हळूहळू वाढवत देऊन खिळलेली माणसे चालती केली. चिली देशातल्या मँगनीज खाणकामगारांचाही त्याने अभ्यास केला होता. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असते. मात्र भुकटीत ते किती हे कळत नाही, म्हणून मनाने घेऊ नये. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी, कारण डाळीसारख्या प्रथिनांच्या अन्नाबरोबर तिचा गुण कमी येतो. आपल्या या डाळमिलींच्या गावाने हे विशेष ध्यानात ठेवावे! गोळी एकदम कधीही बंद करू नये. त्याने जिवावर बेतते. पुढे काहींना मेंदूतील शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. व्यायाम मात्र सर्वांनाच हवा. लातूर आणि नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; तेथे दाखवावे.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथे रोग्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला तर ती एक संघटनाच वाटते, कारण एकट्याचे दुःख तेथे दहा जणांचे होते.

इटलीच्या रामाझिनी या वैद्याने १७०० साली सांगून ठेवले की, रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा: तू काम काय करतोस? डॉक्टरांनी विचारले नाही तर आपण होऊन सांगा. कोणते औषध फवारले, किती वर्षे, तोंडाला फडके होते की नव्हते, ते सांगा आणि कागदावर लिहून घ्या. मालकांना माझे सांगणे एवढेच की, फवारणाऱ्याला हातमोजे, साबण आणि पाणी द्या. हात कापणाऱ्याला हलके काम द्या, हाकलू नका. त्या हातांनी तुमची पोती तीस वर्षे उचलली आहेत.