शस्त्र खाली ठेवल्यानंतर

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



जुन्या करारातील ज्युबिलीचे वर्ष म्हणजे प्रत्येकाने आपल्या वतनावर, आपल्या कुळात परत जाण्याचे वर्ष होय. परंतु परतणाऱ्याच्या खांद्यावर कालपर्यंत बंदूक असेल, आणि ती कदाचित याच गावावर रोखलेली असेल, तर त्याला घरात कोणी व कसे घ्यावे? हा प्रश्न आज आम्ही आपणापुढे मांडीत आहो. उदाहरण घेतो ते मोझांबिकचे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील या मुलखाचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालत असे; तेव्हा तो आपणांस अगदीच परका नव्हे.

१९७५ साली तो देश पोर्तुगीज अंमलातून मोकळा झाला, आणि दोनच वर्षांत फ्रेलिमोचे सरकार व रेनामोचे बंडखोर यांच्यात यादवी पेटली. तीत सुमारे दहा लाख माणसे लढाईने, उपासमारीने व रोगाने मेली. पुढे रोममधील संत एजिदियो या कॅथलिक संघाच्या घरी दोन वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी झाल्या. मध्यस्थांत बेइराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस हे होते. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी तहावर सह्या झाल्या.

दोन्ही पक्षांचे शिपाई ४९ छावण्यांत गोळा करण्यात आले व त्यांतील सुमारे ९०,००० मोकळे झाले. नव्या संयुक्त फौजेत ३०,००० जणांस घेण्याचा बेत होता. पुढे आले अवघे १२,००० च्या आसपास! बाकीच्यांना घराची ओढ लागली होती. छावण्यांत खोळंबा होई, तेव्हा दंगेही झाले. प्रत्येकास विचारण्यात येई की, तू कोणत्या जिल्ह्यात जाणार? तेथवर पोहोचविण्याची सोय, बियाणे, अवजारे आणि एकंदर चोवीस महिन्यांचे वेतन, असे त्यास मिळे. आणि वेतन मिळे ते त्याने निवडलेल्या जिल्ह्यातच. आमच्या मते साऱ्या योजनेतील शहाणपणाची गोष्ट हीच. रक्कम एकदम हाती पडती, तर ती शहरातच उडाली असती. हप्त्याहप्त्याने मिळाल्यामुळे माणूस गावास टेकला, आणि आयतखाऊ म्हणून त्याला कोणी हिणविले नाही.

तथापि पैशाने शेजाऱ्याचे भय जात नाही. रेनामोने पुष्कळ पोरे पळवून नेऊन त्यांच्या हाती बंदुका दिल्या होत्या. दक्षिणेकडील काही गावांत अशा पोराला, तो आला तशाच मळक्या कपड्यांनिशी, रानात नेत. तेथे गवताची खोप उभारून आत त्याचे कपडे उतरवीत, खोपीस आग लावीत, आणि घरचे वडील माणूस त्याला बाहेर काढी. छावणीतून आणलेले सर्व काही त्या आगीत जाई. मग झाडपाल्याची धुरी व औषधी पाण्याचे स्नान. हे विधी आपल्या धर्माचे नव्हेत, आणि त्यांतील कोंबड्याच्या बळीची तरफदारी आम्ही करीत नाही. पण एवढे खरे की, पोराला झाल्या गोष्टींची उजळणी करावयास कोणी लावीत नसे, आणि त्याला एकटेही सोडीत नसे. घरची माणसे बरोबर जात.

याहून कठीण गोष्ट मुलींची. ज्यांना पळवून नेऊन ओझी वाहावयास, रांधावयास व शिपायांच्या बायका म्हणून राहावयास भाग पाडले, त्यांतील बहुतेकींची नावे कोणाच्याच यादीत नव्हती. नाव नाही, म्हणून वेतन नाही आणि बियाणेही नाही. कडेवर मूल असे; त्याचे कुळ कोणते, हे सांगण्याची सोय नसे. अशा वेळी आईबापांनी दार उघडले तरच काय तो निभाव लागे.

१९९५ पासून तेथील ख्रिस्ती मंडळांच्या परिषदेने, अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने, लपविलेल्या बंदुका घेऊन मोबदल्यात शिवणयंत्रे, सायकली व कुदळी दिल्या. तरी रानात शस्त्रे उरलीच, रेनामोचे काही सशस्त्र लोकही उरले, आणि २०१३ साली पुन्हा गोळीबार सुरू झाला. २०१९ च्या मापुतो करारान्वये ५,२०० हून अधिक जणांची शस्त्रे उतरविण्यात आली. शेवटचा तळ जून २०२३ मध्ये बंद झाला. त्यांतील कित्येकजण १९९२ च्या तहानंतरच घरी यावयाचे होते. ते आले तीस वर्षांनी, पिकल्या केसांनी; आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न तळ बंद होत आला तरी रेंगाळतच होता.