मधुमक्षिकापालन : पुनर्वसनाची एक वाट

(वार्षिक सभेतील भाषण)



जखम भरून आली की उपचार संपले, असे आपण मानतो. रुग्णाचा खरा प्रश्न मात्र तेथेच सुरू होतो : "आता घरी जाऊन मी काय करू?" चंद्रपूर जिल्ह्याने याचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यास महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवनात कुष्ठमुक्तांच्या, पुढे अंध-अपंगांच्याही हातांना काम दिले. त्याच वाटेवरचा एक उद्योग आज आपणांपुढे मांडतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्याला मध नवा नाही. परंतु आग्या माशी उंच झाडावर मोहोळ बांधते. ती पेटीत नांदत नाही. पाय गमावलेल्याने तेथवर पोहोचावे कसे? सातेरी माशी मात्र पेटीत राहते. बसल्या जागी हात पोहोचेल अशा तिवईवर पेटी ठेवली, की एकेक चौकट उचलून पाहता येते; अवघी पेटी हलवावी लागत नाही. शिवारात जांभूळ, करंज असले की फुलोऱ्याची सोय होते.

तथापि, धोकाही सांगितलाच पाहिजे. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला डंख कळत नाही, धूर देण्याच्या तापलेल्या स्मोकरचा चटकाही कळत नाही. त्वचेत अडकलेला काटा काही काळ विष सोडीतच राहतो. म्हणून जाड हातमोजे हवेत आणि काम संपताच हातपाय डोळ्यांनी तपासले पाहिजेत. ही रोजची तपासणी कुष्ठमुक्तांना नवी नाही. काहींना डंखाची तीव्र ॲलर्जी असते, ती प्राणावर बेतू शकते. अशांना या कामात घालू नये. एकट्याने पेटी कधीच उघडू नये.

सातेरीची वसाहत चारा आटला की पेटी सोडून जाते. म्हणून एका पेटीवर संसार चालेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. शेती वा शिवणकामाला जोड, एवढेच तिचे स्थान.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठमुक्तांचाही दिव्यांगांत समावेश केला. हक्क कागदावर मिळाला. काम मात्र समाजानेच द्यावयाचे आहे. दात्यांना विनंती, की नुसती पेटी न देता प्रशिक्षणाची आणि पहिल्या दोन हंगामांची सोबत द्यावी. आप्तांना विनवणी एवढीच, की आपल्या माणसाला "तू स्वस्थ बस" असे म्हणू नका.