श्वासाचे माप
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



आपल्या घरोघरी जमाखर्चाची वही असते. परंतु ज्याच्या बळावर सारा संसार चालतो त्या श्वासाचा हिशेब आपण क्वचितच पाहतो. तो आज थोडक्यात मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

निवांत बसलेला प्रौढ पुरुष एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यावर छाती पूर्ण भरली तर आणखी सुमारे ३,००० आत जाते. नेहमीचा श्वास सोडल्यावर नेट लावला तर आणखी सुमारे १,१०० बाहेर पडते. या तिहींची बेरीज ४,६००. हिलाच ‘व्हायटल कपॅसिटी’ म्हणतात. याउपर सुमारे १,२०० मिलिलिटर हवा फुप्फुसांत राहतेच. ही शिल्लक असते म्हणूनच दोन श्वासांमधील अवकाशात रक्ताला प्राणवायू मिळत राहतो. हे आकडे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील तरुण पुरुषांचे होत. वय, उंची व स्त्रीपुरुषभेद यांनुसार ते पालटतात.

१८४६ साली जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने आपल्या यंत्राने दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजल्याचे प्रसिद्ध केले. उंचीबरोबर ही शक्ती वाढते आणि क्षयरोग्यांत ती घटते, असे त्यास आढळले.

आता एक साधे गणित पाहा. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकांतच राहते. रक्ताला तिचा उपयोग नाही. मिनिटाला ५०० चे १२ श्वास घेणाऱ्यास ४,२०० मिलिलिटर उपयुक्त हवा मिळते. २५० चे २४ उथळ श्वास घेणाऱ्याची एकूण हवा तितकीच, म्हणजे ६,०००. पण उपयोगी पडते ती अवघी २,४००. संथ व खोल श्वासाची थोरवी यात आहे.

फुप्फुसांची ही पुंजी विशीपंचविशीपर्यंत वाढते. पुढे ती हळूहळू ओसरते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत अनेकांची ओहोटी फार वेगाने होते. व्यसन सोडल्यास वेग मंदावतो, मात्र गेलेले बहुतांशी परत येत नाही. म्हणून आजच सोडणे हे उद्यापेक्षा लाभाचे.

आणि भगिनींविषयी दोन शब्द. लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीपाशी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांनी विडीला स्पर्शही केला नसता त्यांना दम्यासारखा विकार जडू शकतो. जिना चढताना लागणारी धाप ‘वयाचा धर्म’ म्हणून त्या मुकाट्याने सोसतात आणि घरचेही तसेच समजतात. ही उपेक्षा आम्हांस शोचनीय वाटते. जोराने फुंकलेल्या श्वासापैकी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हे यंत्र दाखविते. निरोगी तरुणात ती सुमारे चार पंचमांश असते. नलिका अरुंद झाल्या की हे प्रमाण घटते. तपासणीस सुई लागत नाही, वेळही फारसा जात नाही.

विद्यार्थ्यांस साहाय्य देणे हे मंडळाचे भूषणच होय. त्याच्या जोडीस धूम्रपान करणाऱ्या बंधूंची व धाप लागणाऱ्या माताभगिनींची श्वासतपासणी करविण्याचा संकल्प मंडळाने करावा, आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीपासून त्यास आरंभ करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.