सहीपूर्वीचे वाचन



आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. उपयुक्त वाचन कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणतो, आधी कर्जाचा कागद वाचा.

आम्हीच एकदा न वाचता सही केली. 12,000 रुपये, मुदत एक वर्ष, व्याज ‘फक्त 12 टक्के’, हप्ता 1,120 रुपये. मुद्दल दरमहा फिटत होते, पण व्याज अखेरपर्यंत पुऱ्या बारा हजारांवर! एकूण 1,440 गेले. उरलेल्या मुद्दलावर आकारते तर सुमारे 795 लागते. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात पडला. झोप उडाली, आणि लाजेने घरात बोललो नाही, ही दुसरी चूक.

बँका व वित्तसंस्थांना 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जाबरोबर खरा वार्षिक दर लिहिलेला तक्ता द्यावा लागतो. तो मागा, घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. चिंता सोसवेना, तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा विनामूल्य क्रमांक आहे. तेथे मराठीत बोलता येते.

आणि देणाऱ्याला एवढेच विचारा : व्याज मूळ रकमेवर, की उरलेल्या मुद्दलावर? उत्तर मिळेपर्यंत लेखणी खाली ठेवा.