नियोजनाचा घटक आणि सत्तेचे वाटप
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



देशाचे नियोजन करावयाचे तर देशाची लहान घटकांत विभागणी करावी लागते. हा घटक केवढा असावा, हा प्रश्न वरवर पाहता नकाशे आखणाऱ्यांचा वाटतो. वस्तुतः तो सत्तेच्या वाटपाचा आहे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी भारतात ५५ समूह विकास प्रकल्प सुरू झाले. प्रत्येक प्रकल्पात सुमारे ३०० खेडी व दोन लाख लोकवस्ती, आणि त्याचे तीन विकासगट. डोंगर असो वा मैदान, माप एकच. हिशेबाला हे सोयीचे होते. परंतु अधिकारी वरून येत आणि खर्चाच्या बाबीही वरूनच ठरत. लोकनियुक्त संस्थेवाचून अशा कामात लोकांचा सहभाग लाभत नाही, हे १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने दाखवून दिले. महाराष्ट्रात १९६२ पासून पंचायत राज्य आले, पण मुख्य अधिकार जिल्हा परिषदेकडे राहिले. पंचायत समितीच्या वाट्याला बहुतांशी अंमलबजावणी आली.

वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली जिल्हा हा घटक मानून राज्यातील अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा ठरविला. प्रादेशिक अन्याय आकड्यांत मांडण्याचे ते मोलाचे काम होते. तथापि जिल्ह्याची सरासरी फसवी असते. नाशिक जिल्ह्यात निफाडचे द्राक्षमळे आणि सुरगाणा-पेठचे आदिवासी पाडे एकाच बेरजेत येतात. कागदावर निफाडचे पाणी सुरगाण्यालाही मिळालेले दिसते! २०१३ साली केळकर समितीने तालुका हा घटक सुचविला, तो याच कारणास्तव योग्य होता.

परंतु घटक लहान केल्याने न्याय आपोआप होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने ५०० ‘आकांक्षित’ विकासगट निवडले. निर्देशांक दिल्लीने ठरवावयाचे आणि गटांनी गुणानुक्रमासाठी धावावयाचे, हे परीक्षार्थीचे स्थान झाले, स्वशासनाचे नव्हे. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून येतात. महाराष्ट्रात तिचे अध्यक्षपद मात्र पालकमंत्र्याकडे असते.

डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याच्या कल्पनेत गाव आणि जिल्हा हेदेखील केंद्र व प्रांत यांच्याइतकेच सत्तेचे खांब होते. म्हणून समाजवादी कार्यकर्त्याची मागणी दुहेरी असली पाहिजे : प्रत्येक योजनेचा खर्च तालुकावार जाहीर व्हावा, आणि त्या खर्चाचा अग्रक्रम ठरविण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायत समिती यांना कायद्याने मिळावा. पहिली मागणी मान्य करून दुसरी टाळणे सरकारला सोपे जाईल. लढा दुसरीसाठीच द्यावा लागेल.