वाचकांनी बांधलेली सूची



ग्रंथसूचीचा विषय बंगळूरमध्ये निघाला की शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने १९६२ साली त्यांनी ह्याच नगरीत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले. १९७२ साली त्यांचे निधनही येथेच झाले. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे त्यांनी १९३१ मध्येच मांडली होती. ग्रंथाला त्याचा वाचक गाठून देणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य होय, असा त्यांतील तिसऱ्या सूत्राचा आशय आहे.

ह्या सूत्राची कसोटी पाहणारा एक नवा वाङ्मयप्रकार त्यांच्या निधनानंतर जन्माला आला. संगणकाच्या पडद्यावर केवळ मजकूर उमटतो: वाचक एका गुहेच्या तोंडाशी उभा आहे. त्याने ‘दिवा घे’, ‘उत्तरेकडे जा’ अशी आज्ञा टंकित केली म्हणजे कथा पुढे सरकते. विल क्राउदर ह्यांनी रचलेल्या व १९७७ मध्ये डॉन वुड्स ह्यांनी वाढविलेल्या ‘ॲडव्हेंचर’पासून ह्या कथाखेळांची परंपरा सुरू झाली. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोकॉम कंपनीने त्यांचा व्यापार भरभराटीस आणला. परंतु चित्रमय खेळांपुढे तो टिकला नाही आणि १९८९ मध्ये कंपनीचे कार्यालय बंद झाले.

व्यापार संपला, तरी लिहिणारे व खेळणारे थांबले नाहीत. १९९२ साली जर्मनीतील एका संगणकावर अशा खेळांचा संग्रह उभा राहिला. परंतु कोठारात धान्य साठले म्हणजे पंगत वाढली जातेच असे नाही. त्रोटक नावांच्या त्या संचिकांतून नवख्या वाचकाने काय निवडावे?

ही उणीव भरून काढणाऱ्या प्रयत्नांत मायकेल रॉबर्ट्स ह्यांनी २००७ मध्ये सुरू केलेली ‘इंटरॅक्टिव्ह फिक्शन डेटाबेस’ ही सूची विशेष महत्त्वाची आहे. तिच्यात कोणाही सभासदाला नोंद करता येते: शीर्षक, लेखक, वर्ष, भाषा. दुसरा ती सुधारतो, तिसरा समीक्षण लिहितो, चौथा आपल्या मते योग्य असे विषयदर्शक शब्द जोडतो. रंगनाथनांच्या १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणातही विषयाचे अनेक पैलू मांडलेले असतात. मात्र तेथे ते तज्ज्ञाने आधी निश्चित केलेले असतात. येथे एक वाचक ‘गुहा’ लिहितो, दुसरा ‘भुयार’. हा विस्कळीतपणा दोषच आहे; पण ज्याने खेळ स्वतः खेळला त्याचे ज्ञान ह्याच वाटेने सूचीत येते.

ह्या नोंदींचे मोल आणखी एका कारणाने अधिक आहे. जीर्ण ग्रंथाची उरलेली पाने तरी वाचता येतात. कथाखेळ चालविणारी आज्ञावली हरवली, तर संपूर्ण कृतीच मुकी होते. म्हणून तो कोणत्या साधनाने चालतो, हेही लिहून ठेवावे लागते. एकाच नावाच्या दोन कृतींची गफलत होऊ नये, ह्यासाठी २००६ मध्ये ‘बॅबेलचा करार’ ह्या नावाने ओळखसंकेताची पद्धतही ठरविण्यात आली.

मराठी वाचकाला ह्या श्रमांची कल्पना येणे कठीण नाही. १८०० ते १९३७ ह्या काळातील मराठी ग्रंथांची सूची शंकर गणेश दाते ह्यांनी व्यक्तिगत निष्ठेने सिद्ध केली. तेथे एकाने पुष्कळ केले, येथे पुष्कळांनी थोडेथोडे. तथापि, सर्वांचे म्हणून असलेले काम बेवारस होण्याची भीती असतेच. रॉबर्ट्स ह्यांची सूची पुढे २०१६ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरॅक्टिव्ह फिक्शन टेक्नॉलॉजी फाउंडेशन’ ह्या विनानफा संस्थेने सांभाळावयास घेतली, हे म्हणूनच उचित झाले. उत्साहाला संस्थेचा आधार लागतो.

पण संस्था केवळ जागा राखते. नोंद वाचकालाच करावी लागते. एखादी विस्मृत कृती, मग ती छापील असो वा संगणकावरील, हाती आली तर वाचून झाल्यावर तिचे नाव, कर्ता, वर्ष आणि ती कशी उघडावी, एवढे चार शब्द लिहून ठेवावेत. पुढच्या वाचकाला तेवढे पुरतील.