शिफ्ट बदलते, सवय कशी टिकवायची?



आज मी ट्वायला थार्प यांच्या ‘द क्रिएटिव्ह हॅबिट’ या पुस्तकाबद्दल बोलणार आहे. थार्प या न्यूयॉर्कच्या नृत्यदिग्दर्शिका. 2003 साली आलेल्या या पुस्तकात त्या सांगतात, की सर्जनशीलता सवयीने येते. रोज पहाटे साडेपाचला उठून त्या जिमला जायला टॅक्सी पकडत. त्यांच्या मते खरी सवय टॅक्सीत बसण्याची. एकदा बसलं, की पुढचं होतंच.

वाचून मला हसू आलं. निगडीहून चाकणला जाणारी कंपनीची बस मीही रोज पकडतो. पण शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट शिफ्टला साडेपाचला बसची वाट पाहायची, थर्ड शिफ्टला त्याच वेळी मशीनवर उभं राहायचं. हे पुस्तक आपल्यासाठी नाही म्हणून मी मिटून ठेवलं.

पुन्हा उघडलं ते जात्यामुळे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली, शेतातली कामं करताना त्यांना ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्या लिहून घेतल्या, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली पुस्तक निघालं. विजापूरच्या सूफींनी दखनीत चक्कीनामे रचले, तेही बायका दळताना म्हणत. त्यांची सवय घड्याळाला नाही, कामाला बांधलेली होती.

माझ्या नानीलाही जात्यावरची गाणी येत. ती गेली तेव्हा त्यातलं एकही लिहिलेलं नव्हतं. मी डिप्लोमाला होतो. घरात वह्या भरपूर होत्या.

थार्प प्रत्येक नव्या कामासाठी एक खोका ठेवतात. कात्रणं, टिपणं, जे सापडेल ते त्यात. मी बुटांचा खोका घेतला. शिफ्ट संपताना आपण रजिस्टरमध्ये लिहितोच: मशीन किती वेळ बंद, रिजेक्शन किती. तशाच चार ओळी आता परतीच्या बसमध्ये स्वतःसाठी लिहितो. शिफ्ट कोणतीही असो, परतीची बस असतेच. घरी आलो, की कागद खोक्यात. बहुतेक ओळी साध्याच असतात. पण एकदा बसमधून खालाला फोन लावला आणि नानीची दोन गाणी मिळाली. तीही खोक्यात आहेत.

तुमच्या घरी कोणाला काय आठवतं? आज परतताना फोन करा आणि लिहून घ्या.